शून्यावरचा सुळका

काकू दोन जिने चढून वर आल्या, दारातच थांबल्या आणि हातातला स्टीलचा डबा पुढे करून म्हणाल्या, "तुझ्या त्या यंत्रामुळे माझा रेडिओ नीट झाला हो." डब्यात खोबऱ्याच्या वड्या होत्या, वेलदोड्याचा वास येणाऱ्या, अजून कोमट. मी "अहो काकू, त्यात काय एवढं" असं म्हटलं आणि डबा घेतला. खरं तर त्याच क्षणी एक वाक्य बोलायला हवं होतं. फार तर दहा सेकंद लागली असती. पण काकू दुखऱ्या गुडघ्याने वर आल्या होत्या, बायको "आत तरी या" म्हणत होती, लेकीचं लक्ष डब्याकडे होतं, आणि माझं कौतुक मला ऐकावंसं वाटत होतं. वाक्य राहून गेलं. वड्या मी तीन खाल्ल्या. चौथी नको म्हणालो, तेव्हा घरात सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

यंत्र म्हणजे माझा स्पेक्ट्रम ॲनालायझर. घरी बनवलेला. त्याला मुलगी 'बाबांचा गॅस सिलिंडर' म्हणते, कारण एका जागेवरून दुसरीकडे न्यायचा तर दोन माणसं लागतात. ऑसिलोस्कोप ज्यांनी पाहिलाय त्यांना मी असं सांगतो: लग्नाच्या हॉलच्या दाराशी उभं राहिलं की जो एकत्र गलका कानावर येतो तो ऑसिलोस्कोप दाखवतो; त्या गलक्यात मामा कोणत्या पट्टीत बोलतोय, आत्या किती जोरात हसतेय आणि कोपऱ्यातलं पोर किती बारीक रडतंय हे वेगवेगळं काढून, पट्टीच्या क्रमाने, एका ओळीत उभं करतो तो स्पेक्ट्रम ॲनालायझर. डिप्लोमाला होतो तेव्हा आमच्या लॅबमध्ये असा एकच होता. त्यावर निळं रेक्झिनचं कव्हर असायचं. तीन वर्षांत ते कव्हर मी दोनदा निघालेलं पाहिलं, दोन्ही वेळा बाहेरून कुणीतरी तपासणीला आलं होतं म्हणून. पुढे बँकेची परीक्षा दिली, नोकरी लागली, आणि व्होल्टेजशी संबंध फक्त एटीएमचा यूपीएस बंद पडला की यायचा. कव्हर मात्र डोक्यात राहिलं.

त्याच्याही मागे गेलं तर हिरवा डोळा आहे. आमच्याकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याच्या तोंडावर एक छोटी गोल काच. रेडिओ तापला की तिच्यात हिरवा उजेड उमलायचा. मॅजिक आय म्हणायचे त्याला. स्टेशन नीट लागलं की तो उजेड पसरून मधली काळी फट मिटायची. वडील बटण केसाएवढं फिरवायचे, डोळ्याकडे बघत, कान मात्र भलतीकडेच. मला त्या वयात वाटायचं की आवाज या डोळ्यातूनच येतो. आवाज दिसू शकतो, ही कल्पना मला तिथे चिकटली असावी.

ऑसिलोस्कोप मिळाला जुन्या बाजारात, एका रविवारी. २० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनेलचा, एक बटण गायब, पट्टीवर कुठल्या तरी कारखान्याचा मालमत्ता क्रमांक. विकणाऱ्याने त्याला 'टीव्ही' म्हटलं आणि टीव्हीचाच भाव सांगितला. मी गप्प राहिलो. (गप्प राहून फायदा करून घ्यायची सवय जुनी आहे, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.) स्कूटरवर पायांमध्ये धरून घरी आणला, जोडला, आणि अर्ध्या मिनिटाने पडद्याच्या मध्यावर एक हिरवा ठिपका उगवला. तोच हिरवा.

आराखडा माझा नाही. अमेरिकेतल्या 'क्यूएसटी' मासिकाच्या १९९८ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या अंकांत वेस हेवर्ड आणि टेरी व्हाइट यांनी रेडिओ-हौशींना घरी करता येईल असा ॲनालायझर दिला होता, शून्यापासून ७० मेगाहर्ट्झपर्यंतचा. जगभर शेकडो टेबलांवर त्याचे भाऊबंद असतील. त्यातली युक्ती मला आजही देखणी वाटते. येणारी लहर आहे तिथे मोजायची नाही. तिला आधी वर, ११० मेगाहर्ट्झला न्यायचं, मग तिथून खाली १० ला आणायचं आणि तिथे एका अरुंद दारातून जाऊ द्यायचं. दार जागचं हलत नाही. बाहेरची रांग त्याच्यासमोरून सरकवायची. रांग सरकवतो तो ऑसिलेटर, म्हणजे यंत्राच्या आतच लहर तयार करणारा भाग, ११० पासून १८० पर्यंत चढत जातो, पडद्यावरचा ठिपका त्याच तालात डावीकडून उजवीकडे जातो, आणि दारातून जो आत येईल त्याच्या उंचीइतका वर उसळतो. थेट खालीच आणलं असतं तर काय बिघडलं असतं? तर मग दारातून दोघं येतात: एक बोलावलेला आणि एक त्याचंच सोंग घेतलेला, ऑसिलेटरपासून तितक्याच अंतरावर दुसऱ्या बाजूला उभा असलेला. आधी वर नेलं की तो सोंगाड्या इतका दूर, २२० मेगाहर्ट्झच्याही पलीकडे जातो की तोंडाशी एक साधा फिल्टर लावला की त्याची ब्याद टळते.

हे कागदावर. टेबलावर मात्र पहिले सहा महिने पत्र्याचे डबे कापण्यात गेले. प्रत्येक टप्पा वेगळ्या धातूच्या घरात हवा, नाहीतर एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जातं. वनस्पती तुपाचे रिकामे डबे मी नातेवाइकांकडून मागून आणले; त्या पत्र्याला डाख छान धरतो. कात्रीने कापताना पत्रा जो आवाज काढतो त्यावर बायकोचं आणि माझं पहिलं गंभीर भांडण झालं. दोन लहरींची बेरीज-वजाबाकी करतो त्या मिक्सरसाठी चार शॉट्की डायोड जोडीचे हवेत म्हणून पन्नास आणले आणि एकेक मल्टिमीटरवर लावून, बोटाची ऊब लागली तरी आकडा सरकतो म्हणून चिमट्याने धरून, चार भाऊ निवडले. फेराइटच्या कड्या करंगळीच्या नखाएवढ्या. त्यांवर तीन तारा एकत्र पिळून गुंडाळायच्या असतात. मी हँड ड्रिलच्या तोंडात तिन्ही टोकं अडकवली, दुसरी बाजू लेकीने धरली, आणि तिने विचारलं, "तिपेडी वेणी घालायची का?" वेणी नको, नुसता पीळ, म्हणून सांगितलं. तिला वेणीच जास्त शास्त्रशुद्ध वाटत होती. लॉग ॲम्प्लिफायरचा आयसी, एडी ८३०७, मी पाय वर करून तांब्याच्या पाटीवर चिकटवला. बायको म्हणाली, मेलेलं झुरळ दिसतंय. दिसतंच. पण हे झुरळ ९० डेसिबलच्या वर पसारा सांभाळतं, म्हणजे सगळ्यांत क्षीण आणि सगळ्यांत दणकट लहरीच्या शक्तीत शंभर कोटी पटींचा फरक असला तरी दोघांना एकाच पडद्यावर बसवतं; दर डेसिबलला २५ मिलिव्होल्ट, शिस्तीत.

अरुंद दार क्रिस्टलचं, म्हणजे ठरलेल्या स्वरालाच थरथरणाऱ्या स्फटिकांचं. तपकीर गल्लीत जाऊन १० मेगाहर्ट्झचे चाळीस मागितले. काउंटरमागचा म्हातारा म्हणाला, "दुकान टाकताय का?" मी म्हटलं, चाळिसातले चार वापरणार. त्याने चष्म्यावरून पाहिलं आणि डबी माझ्यापुढे ओतली. "निवडून घ्या मग. भाजी आहे." सगळ्यांवर छापलेला आकडा एकच, पण ऑसिलेटरमध्ये लावून मोजलं की प्रत्येकाचा स्वर थोडा वेगळा, कुणी दोनशे हर्ट्झ वर, कुणी तीनशे खाली. पन्नास हर्ट्झच्या आत बसणारे चार मिळायला तीन रात्री लागल्या. त्यांचा पहिला फिल्टर पडद्यावर काढला तेव्हा माथ्यावर मधोमध खोल खाच आणि दोन बाजूंना दोन ताशीव भिंती. तैलबैला. लेकीने तो फोटो तिच्या ट्रेकच्या ग्रुपवर टाकला आणि दोघांनी तो ओळखलाही. मग कपॅसिटर बदलत बदलत ती खाच बुजवली, साधारण तीन किलोहर्ट्झ रुंदीचं दार झालं. अरुंद दाराची एक अट असते: घाई चालत नाही. रांग जोरात सरकवली तर फिल्टरला दखल घ्यायला वेळच मिळत नाही, सुळका बुटका होतो आणि एका बाजूला कलतो. हळू न्यावं लागतं. दोन मेगाहर्ट्झचा पट्टा बघायचा तर अर्ध्या सेकंदाहून जास्त. तेवढ्यात जुन्या स्कोपच्या पडद्यावरची सुरुवात विझायला लागलेली असते, म्हणून खोलीतला दिवा मालवावा लागतो. हा दिवा लक्षात ठेवा.

पहिल्यांदा सगळं जोडून चालू केलं तेव्हा तोंडाशी काहीच लावलेलं नव्हतं. ना एरियल, ना वायर. तरीही पडद्याच्या डाव्या टोकाला, शून्यावर, एक उंच ताठ सुळका. मला वाटलं काहीतरी शॉर्ट झालंय. नव्हतं झालं. ऑसिलेटर ११० वर असतो तेव्हा तो स्वतःच मिक्सरमधून पाझरून थेट दारात येऊन उभा राहतो, आणि यंत्र इमानेइतबारे त्याची नोंद करतं. प्रत्येक ॲनालायझरमध्ये हा असतो. शून्य कुठे आहे हे त्याच्यावरूनच कळतं. म्हणजे बाहेरचं काही दिसायच्या आधी यंत्राला स्वतःचाच आवाज दिसतो. त्या रात्री मला ते फार गमतीचं वाटलं होतं.

मग बाल्कनीतून दहा मीटर वायर बाहेर टाकली आणि आकाशवाणी पुणे दिसली.

७९२ किलोहर्ट्झ. लिंगाण्यासारखी एकटी, सरळ वर. सोबत वेगळ्या स्पीकरवर लावलेला ट्रान्झिस्टर, त्यावर निवेदिका बोलत होती, आणि तिच्या प्रत्येक शब्दाबरोबर सुळक्याच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंना काहीतरी थरथरत होतं. मी बायकोला हाक मारली, "हे बघ, हिचा आवाज." ती कुकर बंद करून आली, बघितलं, म्हणाली, "हो, पण काय म्हणतेय ती?" बरोबर प्रश्न होता. अंधार पडल्यावर मुंबईचे ५५८ आणि १०४४ उगवले, मग मधल्या फटींतून कुठलं कुठलं काय काय. मी अडीच वाजेपर्यंत बसलो. सकाळी बँकेत एका खात्याचे पैसे दुसऱ्यात टाकता टाकता वाचलो.

सगळेच सुळके खरे नसतात, हे समजायला पुढचं वर्ष गेलं. तोंडाशी दोन दणकट लहरी आल्या की मिक्सर गडबडतो आणि त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नसलेली स्टेशनं जन्माला घालतो. ओळखायची रीत सोपी आहे. तोंडाशी दहा डेसिबलचा दाब लावायचा, म्हणजे येणारं सगळंच तेवढं क्षीण करायचं. खरा सुळका मुकाट्याने दहा उतरतो. दोघांच्या भांडणातून जन्मलेला तिसरा खोटा तीस उतरतो. काही खोटे मात्र दाबाला बधत नाहीत. सोंगाड्या त्यातलाच, तो खऱ्याइतकाच दहा उतरतो, कारण तो खरा असतोच, फक्त तिथला नसतो. यावर मला नेहमी विजयदुर्ग आठवतो. गडावरचे 'साहेबाचे ओटे' आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेत, आणि लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने तिथे बसून सूर्यावर हेलियम शोधला ही गोष्टही ऐकली आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं ते खग्रास ग्रहण खरं. वर्णपटात रेघ दिसली हे खरं. पण तेव्हा भारतात निरीक्षण करणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन गुंटूरला होता, आणि लॉकियर इंग्लंडातच. त्याने ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि ती पिवळी रेघ सोडियमची नाही हे ताडलं. गोष्ट खरीच, उमटली मात्र पावणेपाचशे मैल अलीकडे, समुद्रकाठी. गडावर माहिती सांगणाऱ्या पोराला हे बोलावं असं फार वाटलं होतं. त्याचा चेहरा बघून बोललो नाही.

तर काकू. काकू तळमजल्यावर एकट्या राहतात. संगीत विशारद आहेत; भिंतीवर गवसणीत तंबोरा टांगलेला, खुंट्या बाहेर डोकावणाऱ्या. सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या बातम्यांनी त्यांचा दिवस सुरू होतो आणि रात्री आकाशवाणीवर जे काही गाणं असेल त्याने संपतो. दिवाळीनंतर केव्हातरी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "रेडिओत शीळ येते रे हल्ली. तुझ्याकडे ते सगळं दिसणारं यंत्र आहे ना?" मी लगेच टवकारलो. इतक्या वर्षांत त्या यंत्राचा कुणाला काही उपयोग होईल अशी ही पहिलीच वेळ. केव्हा येते, विचारलं. काकूंनी जे सांगितलं ते मी आज शब्दशः लिहू शकतो, इतक्या वेळा नंतर आठवलंय: "सकाळच्या बातम्या स्वच्छ असतात. रात्री साडेनऊनंतर सुरू होते. रविवारी मात्र सकाळी दहापासून. आधी तारसप्तकात असते, मग मींड घेत खाली येते, मध्येच नाहीशी होते, आणि परत वर चढते."

मी मींड वगैरे ऐकून घेतलं. कशाकशाची आवड असते एकेकाला, असं मनात म्हटलंही असेल.

रविवारी अकराच्या सुमारास मी टेबल आवरलं, सगळं बंद केलं, आणि लेकीच्या मदतीने स्कोप, पत्र्याच्या डब्यांची चळत आणि यूपीएसची बॅटरी खाली नेली. काकूंनी रेडिओ लावला. शीळ नाही. डॉक्टरच्या पायरीवर खोकला थांबतो तसं. पडद्यावर आकाशवाणी स्वच्छ, खाली नेहमीचं गवत, म्हणजे बारीक खरखर. पण माणूस आठ किलोचा स्कोप दोन जिने खाली घेऊन आलेला असतो तेव्हा काहीतरी सापडल्याशिवाय वर जात नाही. मी एकेक बटण बंद-चालू करून पाहिलं. वाचायच्या खुर्चीवरचा एलईडी बल्ब लावला की गवत जरासं वाढत होतं. जरासं, चार-पाच डेसिबल. मी बोट ठेवलं. "हा. स्वस्तातल्या बल्बांत फिल्टर नसतो, काकू." हार्मोनिक म्हणजे मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर, तेही मी त्यांना सांगितलं. तंबोरा ज्यांच्या भिंतीवर टांगलाय त्यांना. त्यांनी निमूट ऐकलं, कपाटातून जुना साठ वॉटचा पिवळा बल्ब काढला आणि मी तो लावून दिला. आठवड्याने म्हणाल्या, "पिवळ्यात अक्षर दिसत नाही नीट. आणि शीळ आहेच रे." मी म्हटलं, शेजारच्या विंगमध्ये बघावं लागेल.

शेजारच्या विंगमध्ये मी खरोखर बघितलं. म्हणजे माझ्या टेबलावरून, बाल्कनीतल्या वायरवर. रात्री जेवण झाल्यावर बसायचो. पडद्यावर आता मला नुसता आकाशवाणीचा सुळका दिसत नव्हता, तर सारख्या अंतरावर उभं राहिलेलं कुंपण दिसत होतं: ६६०, ७२६, ७९२, ८५८, ९२४. दर ६६ किलोहर्ट्झला एक खांब. म्हणजे सेकंदाला ६६ हजार वेळा चालू-बंद होणारा कुठलातरी पॉवर सप्लाय, आणि त्याचा बारावा हार्मोनिक आकाशवाणी पुण्याच्या मांडीवर. मला अतोनात आनंद झाला. मींडही कळली. सप्लाय तापत जातो तसा शंभर हर्ट्झ सरकला, तर बारावा बाराशे हर्ट्झ सरकतो. स्टेशनशी त्याचं अंतर म्हणजेच कानाला ऐकू येणारी शीळ. अंतर कमी होत जातं, स्वर उतरतो, दोघं एकावर एक आले की शीळ नाहीशी, पलीकडे गेले की पुन्हा चढती. काकूंनी जिन्यात उभ्या उभ्या, कुठल्याही यंत्राशिवाय, हे मला मोजून दिलं होतं. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो तो पाचवा हार्मोनिक. तो ज्या कानांना रोज ऐकायची सवय आहे त्यांना बारावा, जो पंचमच, काय जड जाणार?

फोटो काढावा म्हणून, पडदा नीट उठून दिसावा म्हणून, मी टेबलावरचा भिंगाचा दिवा मालवला.

कुंपण गेलं.

दिवा लावला. कुंपण आलं. मालवला, गेलं. मी हे किती वेळा केलं सांगत नाही. तो दिवा मी त्याच दिवाळीत घेतला होता, चाळिशीनंतर सोल्डरिंग दिसेना म्हणून. भिंग, भोवती एलईडीची कडी, आणि भिंतीत लावायचा १२ व्होल्टचा हलका अ‍ॅडाप्टर. रात्री साडेनऊनंतर. रविवारी दहापासून. ज्या दिवशी सगळं बंद करून काकूंकडे गेलो त्या दिवशी शीळ कशी असणार होती?

अ‍ॅडाप्टर उघडला. आतल्या पाटीवर सगळं रीतसर छापलेलं होतं. जिथे फिल्टरची गुंडाळी बसायची तिथे तिचं चित्र, तिचा क्रमांक, चार भोकं; आणि गुंडाळीच्या जागी दोन आडव्या तारा. कुणीतरी आराखडा बरोबर काढला होता आणि दुसऱ्या कुणीतरी त्यातले चार-पाच रुपये वाचवले होते. त्या दोन तारांवरून माझा बारावा हार्मोनिक भिंतीत शिरून, वायरिंगच्या पाइपातून दोन मजले उतरून, काकूंच्या उशाशी जात होता. मला खोडद आठवलं, तिथली रेडिओ दुर्बीण. फेब्रुवारीअखेर विज्ञान दिनाला लेकीला घेऊन गेलो होतो. ४५ मीटर व्यासाच्या त्या तीस तबकड्या, उसाच्या आणि द्राक्षांच्या मधून वर मान केलेल्या, आणि आत शिरतानाच मोबाईल बंद करायची सूचना. तिथली स्वतःची यंत्रंही धातूच्या आवरणात कोंडलेली असतात, त्यांची कुजबुज तबकड्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. मी ते सगळं मान डोलावून ऐकलं होतं आणि घरी येऊन याच दिव्याखाली बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मर काढला, वीट असावी तसा जड. त्यावर दिवा लावला. थोडा गुणगुणतो, हाताला कोमट लागतो, पण कुंपण नाही. आठवडाभराने काकूंना म्हटलं, "आता ऐकून बघा." कसं केलं, त्यांनी विचारलं. "केलं काहीतरी," मी म्हणालो. "मग एलईडी परत लावू का?" "लावा की." त्यानंतर आल्या त्या वड्या.

लेकीला मी खरं सांगितलं. तिला ते विनोदी वाटलं आणि वाढदिवसाला तिने मला टायनीएसए हा तयार ॲनालायझर आणून दिला, पत्त्यांच्या कॅटएवढा, खिशात मावणारा. माझ्या चार-पाच वर्षांच्या कामापेक्षा तो बरा आहे. आकडे सरळ पडद्यावर येतात, सुळक्यावर बोट ठेवलं की किलोहर्ट्झ आणि डेसिबल दोन्ही. तो हातात घेऊन मी घरभर फिरलो, वॉशिंग मशीन, राउटर, हिचा मोबाईल चार्जर, सगळ्यांची झडती घेतली. त्याला खालचा आकाशवाणीचा पट्टाही दिसतो. पण अंधारात बसून बघावं असं त्याच्यात काही नाही. तो ड्रॉवरमध्ये असतो.

काकूंचा डबा अजून माझ्याकडेच आहे. तो रिकामा परत करता येत नाही, आणि त्यात काय घालून द्यावं हे माझं ठरत नाही. हिला सांगितलं तर ती लाडू करून देईल, पण मग लाडवांबरोबर ते वाक्यही द्यावं लागेल. दरम्यान डब्यात उरलेले छत्तीस क्रिस्टल राहायला आलेत. झाकण घट्ट बसतं, दमट हवा आत जात नाही. उघडला की अजून वेलदोड्याचा पुसट वास येतो, किंवा मला तसं वाटतं.

गेल्या शनिवारी रात्री जेवण झाल्यावर टेबलाशी बसलो होतो. ड्रॉवरमध्ये तो उघडलेला अ‍ॅडाप्टर दिसला. दोन आडव्या तारा. सहज, पुन्हा एकदा कुंपण बघावं म्हणून, दिव्याला जोडला. हिरव्या पडद्यावर एकेक खांब उभा राहिला, डाव्या कडेला शून्यावरचा तो नेहमीचा सुळका, मग सहासष्ट सहासष्टने पुढे. हळूहळू सरकत होते. बाराव्याला आकाशवाणीच्या अंगाशी येताना, तिच्यात मिसळून जाताना आणि पलीकडून पुन्हा सुटा होताना मी बघत बसलो. मग काढून ठेवला.

रविवारी सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर काकू दारातल्या तुळशीला पाणी घालत होत्या. "काय रे," मान वर न करता म्हणाल्या, "काल सव्वादहाला बसलास आणि अकराच्या आत उठलास. बरं नव्हतं का?"